पूर्ण शपथ, अर्धं खातं

15 डिसेंबर 2024 रोजी नागपूरच्या राजभवनात देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. एकामागून एक नावं पुकारली जात होती आणि सोलापुरात लोक टीव्हीसमोर बसून आपल्या जिल्ह्याचं नाव कधी येतंय याची वाट पाहत होते. 39 जणांनी शपथ घेतली, 33 कॅबिनेट मंत्र्यांनी आणि सहा राज्यमंत्र्यांनी. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री धरून संख्या 42 झाली. विधानसभेचे 11 मतदारसंघ असलेल्या सोलापूर जिल्ह्याचं त्यात एकही नाव नव्हतं. कॅबिनेट नाही तर नाही, निदान राज्यमंत्रिपद तरी मिळेल, ही आशाही फोल ठरली.

त्या ‘निदान’ शब्दातच या लेखाचा विषय आहे. राज्यमंत्रिपदाकडे आज पाहिलं जातं ते असं: मोठं पद हुकलं तर हाती लागणारं, नाराजाची समजूत घालणारं, गाडी आणि बंगला देणारं पद. पण याच पायरीवरून महाराष्ट्राचे बहुतेक मोठे नेते वर गेले. त्यात सोलापूरचाही एक होता. ही पायरी कशी तयार झाली, कशी झिजली आणि आज तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती नेमकं काय असतं, हे पाहायला हवं.

सुरुवात 1937 पासून करावी लागते. 1935च्या कायद्यानुसार प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. मंत्री मोजके होते, म्हणून त्यांच्या हाताखाली संसदीय सचिव नेमले गेले. हे सचिव म्हणजे निवडून आलेले आमदारच. मंत्र्याला सभागृहात मदत करायची, खात्याचं काम शिकून घ्यायचं, हे त्यांचं काम. गुलझारीलाल नंदा आणि हंसा मेहता या दोघांची त्या पदावर नेमणूक झाली होती. नंदांकडे पुढे दोनदा देशाच्या हंगामी पंतप्रधानपदाची जबाबदारी आली. हंसाबेन संविधान सभेत गेल्या आणि मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसं’ असा शब्द यावा म्हणून संयुक्त राष्ट्रांत आग्रहाने लढल्या. पद लहान होतं, माणसं लहान नव्हती.

1946 साली खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले तेव्हा साताऱ्याहून निवडून आलेल्या तिशीतल्या यशवंतराव चव्हाणांना गृहमंत्री मोरारजी देसाई यांचे संसदीय सचिव नेमण्यात आलं. त्यांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्राची कथा 1946 पर्यंत येऊन थांबते, कराडचा कार्यकर्ता मुंबईच्या सरकारात पाऊल टाकतो तिथे. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, तोच माणूस द्वैभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री झाला. ज्यांच्या हाताखाली शिकला त्या मोरारजींच्याच खुर्चीवर तो बसला.

स्वातंत्र्यानंतर संसदीय सचिवांसोबत उपमंत्री आले. वसंतराव नाईक 1952 साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. पुसद तेव्हा त्या राज्यात होतं. शंकरराव चव्हाणांची सुरुवातही उपमंत्रिपदावरूनच झाली. प्रतिभा पाटील 1967 ते 1972 या काळात उपमंत्री होत्या, आणि त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण असे कितीतरी विषय होते. आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर अक्कलकोटच्या राजघराण्यातल्या निर्मलाराजे भोसले यांनीही उपमंत्रिपद सांभाळलं. त्या काळात एका बाईने मंत्रालयाच्या फायलींवर सही करणं हे सोलापूरसाठी किती मोठं होतं, याची आठवण आज फार थोड्यांना आहे.

मग उपमंत्री मागे पडले आणि राज्यमंत्री पुढे आले. शरद पवार 1972 साली वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात गृह राज्यमंत्री झाले. सहा वर्षांनी, वयाच्या 38व्या वर्षी मुख्यमंत्री. अ. र. अंतुले, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण हे सगळे आधी राज्यमंत्री होते. पृथ्वीराज चव्हाण पंतप्रधान कार्यालयातले राज्यमंत्री होते, तिथून 2010 साली थेट मुख्यमंत्री होऊन मुंबईत आले. ही यादी वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते. राज्य चालवायला शिकण्याची शाळा म्हणून ही जागा महाराष्ट्राने अनेक वर्षं नीट वापरली.

आणि सोलापूरचं सर्वांत मोठं उदाहरण सुशीलकुमार शिंदे यांचं. 1957 पासून सोलापूरच्या न्यायालयात शिपायाची नोकरी, 1965 पासून पोलीस खात्यात फौजदार, 1971 साली राजीनामा देऊन राजकारण. 1974 साली करमाळ्याच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले आणि लगेच राज्यमंत्री झाले. न्यायालयाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाला सरकारच्या आत शिरायला दार लागतं, आणि ते दार एकदम मोठ्या खात्याचं असून चालत नाही. काम समजून घ्यायला, सचिवाची टिप्पणी वाचायला, सभागृहात उपप्रश्नाला तोंड द्यायला वेळ मिळावा लागतो. तो वेळ शिंद्यांना राज्यमंत्रिपदाने दिला. पुढे अर्थमंत्री म्हणून त्यांनी राज्याचे नऊ अर्थसंकल्प मांडले, जानेवारी 2003 मध्ये मुख्यमंत्री झाले आणि जुलै 2012 मध्ये देशाचे गृहमंत्री. सोलापुरात त्यांच्या राजकारणावर कितीही मतभेद असोत, राज्यमंत्रिपद कशासाठी असतं याचं याहून चांगलं उत्तर या जिल्ह्यात दुसरं नाही.

आता जरा लांब, आयर्लंडकडे पाहू. त्या देशाने आपल्यासारखीच ब्रिटिश पद्धत उचलली आणि कनिष्ठ मंत्र्यांना संसदीय सचिव म्हटलं. 1924च्या कायद्याने त्यांची संख्या सातवर बांधली होती. 1948 साली तिथे पाच पक्ष आणि काही अपक्ष यांचं मिळून सरकार आलं. एवढ्या पक्षांना सांभाळायचं तर मंत्रिपदं पुरणार कशी? तेव्हा संसदीय सचिवांच्या जागा कामाला आल्या. शेतकऱ्यांच्या एका छोट्या पक्षाचे मायकेल डॉनेलन अर्थ खात्याचे संसदीय सचिव झाले. लियाम कॉसग्रेव्ह हे तरुण सदस्य पंतप्रधानांचे संसदीय सचिव झाले. 1951 साली सरकार बदललं आणि तोवर विरोधात असलेल्या पक्षाच्या जॅक लिंच यांना असंच पद मिळालं. लिंच 1966 मध्ये पंतप्रधान झाले, कॉसग्रेव्ह 1973 मध्ये. एकाच प्रकारच्या जागेने आघाडीची वाटणीही भागवली आणि दोन पंतप्रधानही घडवले. 1977च्या कायद्याने तिथे पदाचं नाव राज्यमंत्री झालं आणि जागा दहा झाल्या. पुढे त्या वाढत 2025 मध्ये 23वर गेल्या. आयरिश लोक या पदाला ‘अर्धी गाडी’ म्हणतात. आपल्याकडे 1 मे 2017 पर्यंत लाल दिव्याची गाडी हीच मंत्रिपदाची खूण होती, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पण दोन्हीकडच्या आकड्यांची चाल उलटी आहे, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. आयर्लंडच्या राज्यघटनेने सरकारातल्या मंत्र्यांची संख्या जास्तीत जास्त 15 ठरवली. राज्यमंत्री त्या 15 मध्ये मोजले जात नाहीत. म्हणून जास्तीची माणसं सामावून घ्यायची तर खालची पायरी रुंद होते. आपल्याकडे 2003च्या 91व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सभागृहाच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली. त्याआधी उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांच्या मंत्रिमंडळात 90हून अधिक मंत्री बसले होते, तेव्हा मर्यादा हवीच होती. महाराष्ट्राच्या 288 जागांचे 15 टक्के म्हणजे 43. या 43 मध्ये कॅबिनेट आणि राज्यमंत्री दोन्ही आले. जागा एकच जाते, मग ती मोठी का नको, असं प्रत्येक आमदाराला वाटतं. पक्षनेत्यालाही नाराज माणसाला छोटं पद देऊन दुसऱ्यांदा नाराज करायचं नसतं.

परिणाम आकड्यांत दिसतो. 5 डिसेंबर 2014 रोजी 20 जणांनी शपथ घेतली, दहा कॅबिनेट आणि दहा राज्यमंत्री. 2019 च्या अखेरीस उद्धव ठाकरे यांच्या सरकारात 43 पैकी दहा राज्यमंत्री होते. 2022 मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि 9 ऑगस्टला 18 मंत्र्यांनी शपथ घेतली, 18ही कॅबिनेट. जुलै 2023 मध्ये अजित पवारांसह राष्ट्रवादीचे नऊ जण आले, तेही सगळे कॅबिनेट. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रात एकही राज्यमंत्री नव्हता. 2024च्या अखेरीस सहा आले: माधुरी मिसाळ, आशिष जयस्वाल, पंकज भोयर, मेघना बोर्डीकर, इंद्रनील नाईक, योगेश कदम. यातले इंद्रनील नाईक पुसदच्या त्याच घराण्यातले, ज्या घरातून 1952 साली एक उपमंत्री निघाला होता.

राज्यमंत्री नसले म्हणून काय बिघडतं, असं कुणी विचारेल. महाराष्ट्रात विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहं आहेत. अधिवेशनात एकाच वेळी एका सभागृहात एका खात्याचा तारांकित प्रश्न आणि दुसऱ्यात त्याच खात्याची लक्षवेधी लागते. एकच मंत्री दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. राज्यमंत्री असला तर तो एक बाजू सांभाळतो. नसला तर उत्तर देणारा माणूसच नसतो, प्रश्न पुढे ढकलला जातो, आणि ज्या गावचा पाण्याचा किंवा रस्त्याचा प्रश्न होता ते गाव पुढच्या अधिवेशनाची वाट पाहतं. शिवाय अपिलांचं काम असतं. कुणाची तडीपारी, कुणाचा शस्त्र परवाना, जमिनीची प्रकरणं, अशी कितीतरी प्रकरणं सरकारपुढे सुनावणीला येतात आणि त्यांतली बरीच राज्यमंत्र्यांकडे सोपवता येतात. तारीख लागत नाही म्हणून मुंबईच्या खेपा घालणाऱ्या माणसाला राज्यमंत्रिपदाचं महत्त्व कुणी सांगावं लागत नाही.

मग खरा प्रश्न येतो अधिकारांचा. संविधानात राज्यमंत्री हा शब्द तुम्हाला सापडणार नाही. अनुच्छेद 164 फक्त ‘मंत्री’ म्हणतो आणि तिसऱ्या अनुसूचीतला शपथेचा नमुनाही सगळ्या मंत्र्यांना सारखाच. पदांची उतरंड सरकारच्या कार्यनियमावलीने आणि प्रथेने आली. राज्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीला एरवी बसत नाही, त्याच्या खात्याचा विषय असेल आणि बोलावलं तरच जातो. त्याच्याकडे चार-पाच, कधी सहा-सात खाती असतात आणि त्या प्रत्येक खात्यावर वेगळा कॅबिनेट मंत्री असतो. कोणते विषय राज्यमंत्र्याने पाहायचे, हे त्या कॅबिनेट मंत्र्याने लेखी सोपवायचं असतं. तो आदेश निघाला तर राज्यमंत्र्याकडे फायली येतात, नाही निघाला तर दालन, कर्मचारी आणि गाडी असूनही टेबल रिकामं राहतं. एका कॅबिनेट मंत्र्याशी जुळवून घेणं जमेल, पण पाच वेगवेगळ्या मंत्र्यांकडून, त्यातले दोन वेगळ्या पक्षाचे असताना, अधिकार मिळवायचे म्हणजे त्या माणसाची अर्धी कारकीर्द त्यातच जाते.

हे कुण्या एका पक्षाचं दुखणं नाही. 2015 साली शिवसेनेचे महसूल राज्यमंत्री संजय राठोड यांनी अधिकार मिळत नसल्याची तक्रार उघडपणे केली. तेव्हा महसूल खातं भाजपच्या एकनाथ खडसे यांच्याकडे होतं. जुलै 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्यात राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांनी घेतलेल्या बैठकीवर कॅबिनेट मंत्री संजय शिरसाट यांनी पत्र लिहून हरकत घेतली, आणि मिसाळ यांनी पत्रानेच उत्तर दिलं की आढावा घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. दहा वर्षांच्या अंतराने पक्षांची बाजू उलटली, तक्रार मात्र तीच राहिली. एक साधा लेखी आदेश वेळेवर आणि स्पष्ट निघाला असता तर यातली बहुतेक पत्रं लिहावीच लागली नसती.

आघाडीच्या राजकारणाने या पदाचं वजन कमी केलं, हेही खरं. 1995 साली शिवसेनेला 73 आणि भाजपला 65 जागा मिळाल्या. बहुमताला सात जागा कमी पडत होत्या आणि सभागृहात 45 अपक्ष होते. शेजारच्या इंदापूरचे हर्षवर्धन पाटील आणि काटोलचे अनिल देशमुख हे तेव्हाचे अपक्ष, दोघांनाही राज्यमंत्रिपद मिळालं. दोघेही पुढे अनेक वर्षं कॅबिनेट मंत्री राहिले, म्हणजे शिक्षण झालं. पण तेव्हापासून पाठिंब्याची किंमत म्हणून हे पद द्यायची सवय राज्याला लागली.

सोलापूरला राज्यमंत्र्यांचा अनुभव थोडाथोडका नाही. अक्कलकोटचे सिद्धाराम म्हेत्रे गृह राज्यमंत्री होते. पंढरपूरचे खासदार राहिलेले रामदास आठवले 1990 च्या दशकात राज्यात मंत्री होते, आणि 2016 पासून केंद्रात सामाजिक न्याय राज्यमंत्री आहेत. 2014 ते 2019 या काळात तर शहर उत्तरचे विजय देशमुख राज्यमंत्री असूनही जिल्ह्याचे पालकमंत्री होते. 2016 साली दक्षिण सोलापूरचे सुभाष देशमुख सहकार, पणन आणि वस्त्रोद्योग खात्यांचे कॅबिनेट मंत्री झाले. एकाच पक्षाचे, एकाच शहरातले दोन मंत्री. एकाकडे मोठं खातं, दुसऱ्याकडे जिल्ह्याची नियोजन समिती, झेंडावंदन आणि निधीचं वाटप. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या शहराकडे वस्त्रोद्योग खातं आलं होतं, हे विसरता येत नाही. दोघांची ताकद एका दिशेने लागली असती तर सोलापूरच्या यंत्रमागाला किती बळ मिळालं असतं, हा विचार आजही चटका लावून जातो.

सर्वांत बोलकं प्रकरण मात्र उजनीचं. महाविकास आघाडीच्या काळात सोलापूरचे पालकमंत्री सुरुवातीला दिलीप वळसे पाटील होते, मग जितेंद्र आव्हाड, आणि 2020च्या एप्रिलपासून इंदापूरचे दत्तात्रय भरणे. भरणे राज्यमंत्री होते. सार्वजनिक बांधकाम, मृद व जलसंधारण, वने, पशुसंवर्धन, सामान्य प्रशासन अशी खाती त्यांच्याकडे होती. कोरोनाची दुसरी लाट ओसरली नव्हती तेव्हा, 2021 साली, उजनी जलाशयात येणारं पाच टीएमसी सांडपाणी इंदापूर तालुक्याला देण्याचा आदेश निघाला. उजनीची साठवण सुमारे 117 टीएमसी, पण त्यातला अर्ध्याहून अधिक मृतसाठा. पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा, माढा इथल्या ऊस आणि डाळिंबाच्या बागा, सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी, सगळं त्या धरणावर. जिल्हा पेटून उठला. जिल्ह्याचे पालकच आपलं पाणी आपल्या मतदारसंघात नेत आहेत, असा आरोप झाला. हे पाणी पुण्याकडून येणारं सांडपाणी आहे, सोलापूरच्या वाट्याला धक्का नाही, असं भरणे सांगत राहिले. शेवटी जलसंपदा मंत्री जयंत पाटील यांनी तो आदेश रद्द केला.

या प्रकरणात कोण बरोबर, कोण चूक, यावर जिल्ह्यात अजूनही वाद होतात. पण रचनेचा दोष त्यात उघडा पडला. ज्या माणसावर जिल्ह्याच्या विश्वासाचा भार होता, त्याच्याकडे पाण्याचं खातं नव्हतं. ज्याच्याकडे खातं होतं, तो जिल्ह्याला उत्तर द्यायला बांधील नव्हता. भरणे आज कॅबिनेट मंत्री आहेत, शेती खात्याचे. राज्यमंत्रिपदाने त्यांना वर चढवलं. सोलापूरच्या हाती त्या दोन वर्षांत काय पडलं, याचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो.

मंत्रिमंडळावरच्या 15 टक्क्यांच्या मर्यादेला वळसा घालायच्या वाटाही निघाल्या, त्या थोडक्यात. अनेक राज्यांनी आमदारांना संसदीय सचिव नेमून मंत्र्यांसारख्या सवलती दिल्या. गोव्यात अशा नेमणुका 2009 साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केल्या. आसामचा तसा कायदाच सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात ही वाट फारशी वापरली गेली नाही. इथे महामंडळांच्या अध्यक्षांना ‘राज्यमंत्री दर्जा’ देण्याची पद्धत रुळली. दर्जा मिळाला की गाडी येते, पाटी लागते. सभागृहात प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी येत नाही. 1937 साली ज्या पदाचा जन्मच सभागृहात उत्तर द्यायला झाला, त्याचं असं रूप व्हावं हे वाईट आहे.

उपाय अवघड नाही. मुख्यमंत्र्यांनी खातेवाटपाच्या दिवशीच प्रत्येक राज्यमंत्र्याचे विषय लेखी ठरवून द्यावेत आणि तो आदेश शासनाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता यावा. एका राज्यमंत्र्याकडे दोनपेक्षा जास्त खाती नसावीत. आणि पहिल्यांदा मंत्री होणाऱ्या आमदाराला, त्याचा पक्ष कोणताही असो, आधी ही पायरी चढू द्यावी. सभागृहात दोन वर्षं उत्तरं दिलेला माणूस पुढे मोठं खातं घेतो तेव्हा सचिवाच्या टिप्पणीवर सही कुठे करायची आणि कुठे थांबायचं हे त्याला कळतं.

सोलापूरच्या 11 आमदारांना एक विनंती आहे. पुढचा विस्तार होईल तेव्हा राज्यमंत्रिपद मिळालं तर ते कमी समजून नाकारू नका, आणि स्वीकारलंत तर पहिल्या आठवड्यात अधिकारांचा आदेश मागून घ्या. तो आदेश छापून सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या फलकावर लावा. उजनीच्या पाण्याचा, यंत्रमागाच्या विजेचा, पंढरपूरच्या वारीच्या सोयींचा कोणता विषय तुमच्याकडे आहे, हे जिल्ह्याला त्यावरून कळू द्या.

सध्या जिल्ह्याचे पालकमंत्री जयकुमार गोरे आहेत, साताऱ्याच्या माण मतदारसंघाचे.